वाकायला सांधा लागतो

वाडी, ता. सांगोला
२० ऑगस्ट २०२३

सुकन्या,

वर आशीर्वाद लिहिला तर पत्र तिथंच फाडशील, म्हणून लिहिलेला नाही. पत्ता सांगोल्याच्या दवाखान्यातल्या रेश्मानं दिला, तुझ्याबरोबर नर्सिंगला होती ती. फोन नंबर मागितला तर म्हणाली, "मावशी, तिनं शपथ घातलीय. पत्ता दिला एवढ्यावरच मला बोलणी बसतील." तिला बोलू नकोस. मी तिच्या दारातून उठेना, म्हणून तिनं दिला.

तुझे आप्पा माघात गेले. ते तुला कळलं आहे असं रेश्मा म्हणाली.

तुझी ट्रंक मी उघडली. उंदीर लागले होते. पांढरा ड्रेस कुरतडला आहे, पुस्तकं शाबूत आहेत. तू पहिलीत पाटीवर गिरवायचीस तेव्हा मी चुलीपुढं राखेत बोटानं गिरवायची, तेवढंच माझं शिक्षण. त्यावर इतकी वर्षं मिळेल ते वाचत आले. आता तुझं शरीररचनेचं पुस्तक घेतलं आहे. दुपारी मेंढरं लांब असली की एखादं पान होतं. सांध्यांचा धडा परत परत वाचला.

मला वाटायचं, सांधा म्हणजे हलणारच. तसं नाही. काही सांधे मुळीच हलत नाहीत, कवटीचे. काही थोडे हलतात, मणक्यांचे. बाकीचे मोकळे. मोकळ्यांतही किती तऱ्हा. गुडघा आणि कोपर बिजागरीचे, दारासारखे एकाच अंगानं उघडतात. खांदा आणि खुबा उखळीचे, चौफेर फिरतात. मान खुंट्यावर फिरते, जात्याच्या वरच्या तळीसारखी. अंगठ्याच्या बुडाचा सांधा खोगिरासारखा. वाचता वाचता मी अंगठा फिरवून बघितला. जन्मभर भाकरी थापली ती त्याच्या जिवावर, आणि हे मला आत्ता कळलं.

कवटीचं वाचून तुझी टाळू आठवली. लवकर भरेना. तेलाचं बोट ठेवलं की खाली धकधक लागायची. जन्मताना ती हाडं सुटी असतात म्हणून मूल बाहेर येतं, आणि मग ती जुळावीच लागतात, असं पुस्तकात आहे. म्हणजे काही सांधे जुळण्यासाठीच असतात. पाठीचे मात्र नाहीत. त्या ओळीला तू पेन्सिलीनं उभी रेघ मारली आहेस.

तुझ्या पाठचा सिद्धराम बरा आहे. मेंढरं नेतो, जेवतो.

एक विचारायचं होतं. सकाळी उठताना पाठ लाकडासारखी होते आणि थोडं हिंडल्यावर सुटते, असं कशानं होतं? पुस्तकात सापडलं नाही. कुणाची पाठ ते सोड. सहज विचारते.

आई


१७ सप्टेंबर २०२३

सुकन्या,

उत्तर आलं नाही. तेव्हा कुणाची पाठ ते लिहिते. सिद्धरामची.

पावसाळ्याच्या आधीपासून चाललं आहे. बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. पण परवा सकाळी तुझी मायाक्का आत्या चहाला आली आणि तो उठत होता. कुशीवर वळला, कोपरावर आला, भिंत धरली, मग एकेक पाय सरळ केला. आत्यानं तोंडावर हात ठेवला आणि मग तेच हात जोडले.

"वैनी, दादाच उठला की गं! तसाच! हुबेहूब!"

"त्याची पाठ दुखतीय, मायाक्का."

"दुकणारच की. देव अंगात शिरताना गुदगुल्या करतोय व्हय?"

चहा तसाच ठेवून गेली. संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीला कळलं. देवळाचे बाळासो तात्या नवं धोतर नेसून आले आणि सिद्धरामच्या पाया पडले. सत्तरीचा माणूस चोवीस वर्षांच्या पोराच्या. पोरगं लाजून लाल झालं. त्याला आजवर कुणी नीट नावानं हाक मारली नव्हती, लंगोटीतला होता तेव्हापासून सगळे "ए मेंढक्या".

तुला वाडीची रीत सांगायला नको. पण लिहायला बसले तर सगळं लिहू दे, लिहिलं की माझ्या डोक्यात सरळ होतं. देव ज्याला वाकवतो तो देवळात देवाच्या घोंगडीवर बसतो, रात्रीपुरता घरी येतो. मग त्यानं मेंढरांमागं जायचं नाही. अंगाला लोखंड लावायचं नाही, वस्तरा नाही, कात्री नाही, सुई नाही. आप्पांची पाठ पंचविशीत धरली. तुझ्या जन्मापर्यंत त्यांची हनुवटी छातीकडे आली होती. लोक म्हणाले, देवानं ह्याला कायमचा नमस्कारात ठेवलाय. आणि बसवलं. मेंढरांमागं हिंडत होते तोवर पाठ थोडी तरी हलत होती. बसले आणि मिटली. येणाऱ्याला ते पायांवरून ओळखायचे. तू शाळेतून आलीस की म्हणायचे, "सुकीची चप्पल तुटलीय, बघ." तुझं तोंड बघायला त्यांना आडवं व्हावं लागायचं.

हा रोग आहे, फोटो काढा, सुई घेऊ द्या, हे तू देवळापुढं साऱ्यांच्या देखत बोललीस, आणि आप्पा म्हणाले, आजपास्नं मला एकच ल्योक. ते मी आज उगाळत नाही.

ते कसे गेले ते मात्र तुला कुणी सांगितलं नसेल. देवळाच्या खालच्या पायरीवरून घसरले. तेवढ्यावरून पोर पडलं असतं तर रडलंही नसतं. त्यांची मान मोडली. तिरडीवर ठेवलं तर डोकं टेकेना. पाठ खाली आणि डोकं अधांतरी, जणू उठून बसणार आहेत. कुणीतरी घोंगडीची घडी करून मानेखाली सारली. बाळासो तात्या रडत म्हणाले, "बगा, मरणाफुडंबी मान टेकली न्हाय देवमाणसानं." सगळे गहिवरले. मी ती घडी बघत होते. जिवंतपणी त्यांना रात्री उशा दोन लागायच्या, आणि पावसाळ्यात तीन.

दसऱ्याला सिद्धरामला घोंगडीवर बसवायचं ठरलं आहे. तो माझं ऐकत नाही. म्हणतो, "आये, तुला पुस्तकानं याड लावलंय." तुझं ऐकेल. तो कडेवरून उतरायचा तो फक्त तुझ्या सांगण्यावरून. त्याचा मोबाईल नंबर तोच आहे. बदललेला नाही.

आई


५ ऑक्टोबर २०२३

सुकन्या,

माझा गुडघा दाखवायचा म्हणून मी सिद्धरामला सोलापूरला नेलं. आत्याला हेच सांगितलं, आणि एसटीत बसेपर्यंत त्यालाही हेच. मोहोळच्या पुढं गेल्यावर खरं सांगितलं. तो खिडकीकडं तोंड करून बसला. उतरला मात्र नाही.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. घाई केली नाही तिनं. आधी त्याला भिंतीशी उभं केलं. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. त्याची टेकली, पण ओढून. आप्पांचं डोकं भिंतीपासून हातभर लांब राहिलं असतं. मग त्याच्या पाठीवर पेनानं दोन खुणा केल्या, एक कमरेखाली आणि एक तिच्या वर, आणि म्हणाली, वाक. तो वाकला. तिनं टेप लावली. निरोगी पाठ वाकली की मणके उघडतात, आणि त्या दोन खुणा एकमेकींपासून लांब सरकतात. त्याच्या सरकल्या. थोड्याच सरकल्या, पण सरकल्या. सुकन्या, माझ्या समोर सरकल्या.

मग फोटो काढला. कमरेच्या मागे, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो, तिथून हे चालू होतं म्हणाली. तिथं कडा पुसट झाल्या आहेत. वरचे मणके अजून सुटे आहेत. वडलांना असेल तर मुलांत येऊ शकतं, मुलींतही. मी आप्पांच्या मानेचं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, जुळलेली पाठ खडूसारखी होते. वाकत नाही, मोडते."

सिद्धरामला म्हणाली, "तुझी वेळ गेलेली नाही. गोळ्या घे. रक्त तपासू, लागली तर सुई देऊ. रोज हा व्यायाम कर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका जागी बसून राहू नकोस. मेंढरं आहेत ना? चाल मग."

स्टँडवर आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. तो अचानक हसायला लागला. मी म्हटलं, काय झालं?

"सारी वाडी म्हणती बस, बस. आज पैल्यांदा कोणतरी म्हणलं, बसू नगंस."

तो असा हसलेला मी कितीतरी दिवसांनी बघितला. चटणीचा ठसका लागेपर्यंत हसला. मग पाणी प्यायला.

"पर आये, माझा रोग असंल, तर आप्पाचाबी रोगच की."

"व्हय."

"मग एवढी वर्सं लोकांनी पाय धरलं ते कुणाचं? रोग्याचं? आप्पा रातभर कण्हायचा आन सकाळी म्हणायचा, देवानं घेतली सेवा. ते समदं फुकटच?"

ह्याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस.

"ताई ह्येच म्हणली तर तिला हाकलली. आता मी कुटल्या तोंडानं म्हणू?"

"तू नको म्हणू. तिला म्हणू दे."

त्यानं भाकरीचा कडेचा तुकडा हातात फिरवला. मग म्हणाला, "तिनं फोन करू दे. सिद्धू म्हणू दे एकदा. नग बसू म्हणली तर मी न्हाय बसायचा. बाळासो तात्या काय मला उचलून बसवणार हाय?"

हे त्याचे शब्द आहेत. मी त्यात माझं काही घातलेलं नाही. तुला यायला नको, वाडीचं तोंड बघायला नको. फोन कर. दसरा चोवीस तारखेला आहे.

आई


५ नोव्हेंबर २०२३

सुकन्या,

दसऱ्यापर्यंत मोबाईल त्याच्या खिशात होता. आंघोळीला जाताना माझ्या हातात द्यायचा, "वाजला तर आण." मेंढरं माळावर नेली तर जिथं रेंज असते त्या टेकाडालाच फिरवायचा. तिथलं गवत संपलं तरी. मेंढरं उपाशी येऊ लागली तसं आत्यानं ओळखलं.

"तिच्या फोनची वाट बघतोयास व्हय? अरं, बाप मेला तवा आली न्हाय, तुझ्या पाठीसाठी येतीया!"

दुसऱ्या दिवशी त्यानं मेंढरं ओढ्याकडं नेली.

बाळासो तात्यांकडं मी स्वतः गेले. म्हटलं, "तात्या, मी देवाला नाही म्हणत नाही. पण नमस्कार म्हणजे काय ते सांगा. सरळ उभा असलेला माणूस वाकतो, मग परत उभा राहतो, तो नमस्कार. वाकायला सांधा लागतो. ज्याची पाठ उघडतच नाही, तो देवापुढं वाकणार कशानं? आप्पा देवापुढं जसे, तसेच कुत्र्यापुढं. त्यात त्यांचं देणं काय होतं?"

तात्या सुपारी कातरायचे थांबले. मला वाटलं पटलं. मग म्हणाले, "केराबाई, तुम्ही पुस्तकं वाचाया लागल्यापास्नं तुमच्या डोक्यावरचा पदर ठरंना झालाय." आसपासची माणसं हसली. मी पदर घेतला आणि घरी आले.

दसऱ्याला तो बसला. हलगी वाजली. करगोट्यातली किल्ली, चाकू, पट्ट्याचं बक्कल, लोखंड म्हणून सगळं काढून घेतलं. मोबाईलही. तो त्यानं दुसऱ्या कुणाला दिला नाही, माझ्याकडं दिला, आणि कानाशी येऊन म्हणाला, "चार्जिंग करून ठेव."

मी ठेवत होते. परवा, तीन तारखेला, तो वाजला. नंबर अनोळखी. मी धावतच उचलला.

"सिद्धू?"

तुझा आवाज जाड झाला आहे. मी म्हटलं, "मी आई. तो बसला गं, दसऱ्याला."

तू फोन ठेवला नाहीस. मागं गाड्या चालल्या होत्या, कुणीतरी कुणाला "सिस्टर" म्हणून हाक मारत होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, "पत्रं जुन्या हॉस्टेलवर पडून होती," आणि कट झाला. मी परत लावला तर बंद. नवा पत्ता माझ्याकडं नाही, हेही पत्र जुन्यावरच टाकते.

म्हणजे तू कठोर झाली नव्हतीस. पत्रं एका खोलीत पडून होती, मेंढरं एका टेकाडाला फिरत होती, आणि दिवस चालले होते. दोष देऊन बघायला कुणीतरी हवं म्हणून मी खूप शोधलं. सापडेना.

मी घोंगडीजवळ जाऊन त्याला हळूच सांगितलं, ताईचा फोन आला. त्यानं विचारलं, "काय म्हणली?"

"सिद्धू म्हणली."

त्यानं मान हलवली. ती अजून हलते. मग म्हणाला, "आता उठलो तर समदी वाडी खोटी पडती, आये. आप्पा पैला."

आई


८ ऑक्टोबर २०२४

सुकन्या,

तुझा नवा पत्ता मागायला मी परत रेश्माकडं गेले. तिनं दिला. या वेळी शपथेचं बोलली नाही.

सिद्धराम पहाटे दार लावून व्यायाम करायचा. डॉक्टरीणबाईंनी दिलेला चित्रांचा कागद मी भिंतीला लावला होता. गोळ्याही मी भाकरीखालून द्यायची. आषाढात एकाचं मूल तापानं गेलं. घोंगडीवरचा माणूस चोरून औषध खातो, देव कसा पावणार, असं कुणीतरी बोललं. कुणी ते त्याच्या कानावर घातलं. त्या दिवशी त्यानं गोळ्यांची पाकिटं आणून माझ्या ओटीत ठेवली. चित्रांचा कागद स्वतः काढला, नीट घडी करून दिला. फाडला नाही.

लोक त्याला आता सिद्धराम महाराज म्हणतात. मेंढक्या कुणी म्हणत नाही.

आई


१२ ऑक्टोबर २०२५

सुकन्या,

घोंगडीवरच्या माणसाच्या पाठीला रोज सकाळी घरच्या बाईनं भंडारा लावायचा असतो. आप्पांना मी लावायची. तेव्हा नुसता फासायची, हात फिरवायचा आणि संपलं.

सिद्धरामला मी दोन बोटं लावते. एक कमरेखाली, एक तिच्या वर, डॉक्टरीणबाईंनी पेनानं केल्या होत्या तिथंच. मग आरती होते आणि तो देवापुढं वाकतो. सगळे देवाकडं बघतात. मी त्याच्या मागं उभी राहून त्या दोन पिवळ्या खुणांकडं बघते. आत्या म्हणते, "वैनीची भक्ती बगा, डोळं मिटत न्हाई."

पहिल्या वर्षी खुणा थोड्या लांब जायच्या. मग कमी. श्रावणात मला वाटलं, माझी नजर गेली. म्हणून दोरा घेतला, खुणांच्या अंतराचा कापला, आणि तो वाकला तेव्हा भंडारा सारखा करायच्या निमित्तानं पाठीला लावून बघितला. दोरा बरोबर पुरला. काल लावला. आजही लावला. तो वाकतो तो आता खुब्यातून. उखळीचे सांधे आहेत ते, अजून चांगले आहेत. पाठ एखाद्या फळीसारखी तशीच खाली येते आणि तशीच वर जाते. हनुवटी जराशी पुढं आली आहे. काल मी देवळात गेले तर मला म्हणाला, "आये, अनवाणी का आलीस? ऊन लई हाय." माझं तोंड न बघता त्यानं मला ओळखलं.

मला आता त्याच्यासाठी तुझ्याकडं काही मागायचं नाही. तुझं पुस्तक मी बांधून ट्रंकेत ठेवलं आहे. त्यात सांधे कसे हलतात ते सगळं आहे. न हलणाऱ्याला काय म्हणायचं तेही आहे. माझं वाचून झालं.

पण मुलींतही येतं असं ती बाई म्हणाली होती. ते मी तुला दोन वर्षांपूर्वी लिहिलं, आणि तेव्हा माझं सगळं ध्यान त्याच्यावर होतं. तुझी पाठ कशी आहे हे मी एकदाही विचारलं नाही. तू तिशीला आलीस. रात्रपाळी करत असशील. सकाळी उठताना भिंत धरतेस का, हे मला इथून दिसत नाही.

तर एवढं कर. चप्पल काढ. टाचा भिंतीला लाव. पाठ लाव. नजर समोर ठेव, हनुवटी वर उचलू नकोस. डोकं मागं टेकतंय का बघ. ओढून नको, सहज.

टेकलं तर मला एक पोस्टकार्ड टाक. त्यावर काही लिहू नकोस. नुसता माझा पत्ता घाल. कोरं कार्ड आलं की मी समजेन.

नाही टेकलं, तर काहीच पाठवू नकोस. आणि त्याच दिवशी, कुणालाही न विचारता, दवाखान्यात जा.

पोस्टमन आमच्याकडं मंगळवारी येतो.

आई